मेदवृद्धी, शस्त्रक्रिया आणि रोहिण्यांचे आरोग्य

धान्याच्या घाऊक व्यापारात ज्याची चाळीस वर्षे गेली त्याला वजन या विषयावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा, असे आम्ही मानतो. संपादक मंडळाने यंदा लेख मागितला तेव्हा कडधान्यांच्या आवकेवर व भावांवर लिहावे अशी त्यांची अपेक्षा होती. ते विषय दरवर्षीचेच आहेत. यंदा आम्ही पोत्यांचे वजन बाजूस ठेवून पोती मोजणाऱ्यांच्या वजनाकडे वळत आहो, आणि त्याचे कारण आमच्या पेठेतच आहे. बेळगावच्या रविवार पेठेत सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री खतावणी मिटेपर्यंत गादीवर बसून राहणारा आमचा वर्ग. पोती हमाल उचलतो, घाम त्याला येतो आणि भूक मात्र आम्हांस लागते. पूर्वी सुटलेल्या पोटाकडे पाहून ‘शेटजींचे बरे चालले आहे’ असे लोक म्हणत. आज त्याच पोटाकडे पाहून डॉक्टर प्रथम रक्तदाब मोजतात, नंतर साखर, आणि मग हृदयाचा आलेख काढावयास सांगतात.

अलीकडे वजन उतरविण्यासाठी जठरावर करावयाची शस्त्रक्रिया आपल्या भागातील मोठ्या इस्पितळांतूनही होऊ लागली आहे. तिच्याविषयी व्यापारी मंडळींत दोन मते ऐकू येतात. एका पक्षाला ती पैसेवाल्यांची हौस वाटते. ‘तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतले’ असा शेरा आम्ही भर सभेत ऐकला आहे. दुसऱ्या पक्षाला ती जादूची कांडी वाटते. आमचे मत या दोहोंहून निराळे आहे. या शस्त्रक्रियेचे मोल काट्यावरच्या आकड्याने करूच नये. ती रोहिण्यांना काय देते यावर करावे. त्या मापाने पाहिले तर ती हौस ठरत नाही आणि जादूही ठरत नाही. शिवाय तिच्या दारावर आज जी वजनाची अट टांगलेली आहे ती आपल्या लोकांच्या मापाची नाही, हेही त्याच मापाने दिसून येते.

रोहिणी हा शब्द आम्ही शाळेत शिकलो. हृदयाकडून शरीराकडे रक्त नेते ती रोहिणी, परत आणते ती नीला. डॉक्टर मंडळी रोहिणीस धमनी म्हणतात, वस्तू एकच. ती नुसती नळी नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तिच्या आतील बाजूस अवघ्या एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते, आणि ते मोठे कामसू असते. रक्ताचा ओघ वाढला की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडते, त्यायोगे भोवतालचा स्नायू सैल होतो आणि रोहिणी रुंदावते. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांस १९९८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. अस्तर निकामी होऊ लागले की रोहिणी ताठरते, तिच्या भिंतीत कोलेस्टेरॉल शिरून साचते, आणि पुढे एखाद्या दिवशी तो साचलेला थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली की हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येतो. दिवस एकच असतो, पण त्याची तयारी वीस-पंचवीस वर्षे चाललेली असते.

अस्तराची परीक्षा करण्याची एक साधी युक्ती १९९२ पासून प्रचारात आहे. रक्तदाबाचा पट्टा हातावर पाच मिनिटे आवळून ठेवावयाचा आणि एकदम सोडावयाचा. अडलेले रक्त धावून येते. त्या वेळी दंडातील रोहिणी किती रुंदावते हे ध्वनिलहरींच्या यंत्राने पाहतात. निरोगी माणसाची रोहिणी पटकन रुंदावते. मधुमेही, धूम्रपान करणारा आणि अतिस्थूल यांची जेमतेम हलते. मानेतील रोहिणीच्या भिंतीची जाडी मोजणे ही दुसरी परीक्षा. जठरावरील शस्त्रक्रियेनंतर या दोन्ही परीक्षांत सुधारणा होते, असे निरनिराळ्या देशांतील अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे.

चरबी आणि रोहिणी यांचा संबंध कसा येतो? चरबी म्हणजे वखारीत पडून राहिलेला माल, अशी जुनी कल्पना होती. ती १९९४ मध्ये मोडली. त्या साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन हे संप्रेरक शोधून काढले. तेव्हापासून चरबीस एक इंद्रियच समजतात. विशेषतः पोटातील आतड्यांभोवतीची चरबी रात्रंदिवस दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात सोडीत असते. त्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव उणावतो, साखर चढते, रक्तदाब चढतो, आणि हे सगळे त्या नाजूक अस्तराच्या माथी येते. बंद वखारीत एका कोपऱ्यातले ओले पोते साऱ्या थप्पीस उबट करते, हे आमच्या धंद्यातील कोणासही सांगावयास नको.

मँचेस्टर येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. लहान रोहिण्यांच्या भोवती चरबीचे एक पातळ वेष्टन असते. निरोगी माणसात हे वेष्टन रोहिणीस सैल राहण्यास साह्य करते. अतिस्थूल माणसात दाहामुळे त्याचा हा गुण नष्ट होतो. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी पाहिले तो तो गुण परत आलेला होता, आणि तोही ती माणसे अद्याप स्थूलच असताना! काट्यावर पाहिले तर काम अर्धवट, रोहिणीत पाहिले तर बरेच साधलेले.

आता मोठ्या पुराव्याकडे येऊ. या बाबतीत स्वीडनचे ऋण साऱ्या जगावर आहे. गोथेनबर्ग येथील लार्स स्यॉस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये एक काम आरंभिले. शस्त्रक्रिया करून घेणारे २,०१० स्थूल स्त्रीपुरुष एका बाजूस आणि तशाच वयाचे, तशाच प्रकृतीचे पण नेहमीचे उपचार घेणारे २,०३७ दुसऱ्या बाजूस, अशी नोंद करून त्यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला. २०१२ मध्ये जो हिशेब प्रसिद्ध झाला तो असा: हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने शस्त्रक्रियेच्या बाजूस २८ मृत्यू, दुसऱ्या बाजूस ४९. पहिला झटका वा पक्षाघात आलेले अनुक्रमे १९९ आणि २३४. ही सुमारे पंधरा वर्षांची बाकी होय. २०२० मध्ये आणखी एक आकडा आला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुष्य न झालेल्यांहून सरासरी तीन वर्षांनी अधिक भरले. तथापि सर्वसाधारण जनतेहून ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याचा उच्चार जाहिरातींत कधी होत नाही म्हणून आम्ही तो येथे मुद्दाम करीत आहो.

या हिशेबात एक उणीव आहे आणि ती दडविणे योग्य नव्हे. कोणास शस्त्रक्रिया करावी आणि कोणास करू नये हे स्वीडनमध्ये चिठ्ठ्या टाकून ठरविले नव्हते. ज्यांनी मागितली त्यांची केली. ऐंशीच्या दशकात अशा शस्त्रक्रियेत दगावण्याचे प्रमाण बरेच असे, म्हणून चिठ्ठ्या टाकण्यास परवानगीच मिळाली नव्हती. आता शस्त्रक्रिया मागणारा माणूस स्वभावतःच अधिक दक्ष असेल तर? ही शंका रास्त आहे. झटके व मृत्यू मोजणारी, चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी चाचणी स्थूलतेच्या शस्त्रक्रियेसाठी आजवर झालेली नाही. रक्तदाबासाठी मात्र एक लहान चाचणी ब्राझीलमध्ये झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शंभर रुग्ण होते. वर्षाअखेर रक्तदाबाची औषधे तीस टक्के वा अधिक कमी करूनही दाब ताब्यात राहिला, असे शस्त्रक्रियेच्या बाजूस सुमारे ८४ टक्के आणि नुसत्या औषधांच्या बाजूस १३ टक्के निघाले.

चिठ्ठ्या टाकून केलेला एक जुना आणि विस्मृतीत गेलेला प्रयोग येथे आठवतो. अमेरिकेत मिनेसोटा येथील शल्यविशारद हेन्री बुकवाल्ड यांनी हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेले ८३८ रुग्ण घेतले. निम्म्यांच्या लहान आतड्याचा अखेरचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला. हेतू वजन घटविण्याचा नव्हता, कोलेस्टेरॉल घटविण्याचा होता. १९९० मध्ये निकाल लागला. घातक कोलेस्टेरॉल ३८ टक्क्यांनी उतरलेले होते. हृदयविकाराने मृत्यू वा पुन्हा झटका येणारे एका बाजूस १२५, तर शस्त्रक्रियेच्या बाजूस ८२. रोहिण्यांची क्षकिरण चित्रे वर्षानुवर्षे काढून ताडून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांत विकार कमी पुढे सरकलेला आढळला. म्हणजे येथे काटा बिनचूक, पण माल निराळा. स्वीडनमध्ये माल तोच, पण काटा जरा ढिला. दोन्हींचा कल एकाच बाजूस असला तर व्यवहारी माणूस सौदा करण्यास पुढे होतो, आणि आम्हीही होतो.

स्वीडनच्या हिशेबात आणखी एक नोंद आहे, आणि आमच्या लेखाचे सारे ओझे तिच्यावर आहे. शस्त्रक्रियेने हृदयास किती लाभ झाला हे आरंभीच्या वजनावर अवलंबून नव्हते. ज्यांच्या रक्तात आरंभी इन्सुलिनचे प्रमाण अधिक, त्यांस लाभ अधिक, असे दिसले. म्हणजे सर्वांत जाड माणसास सर्वांत अधिक फायदा, हा हिशेब खोटा ठरला. अर्थात ३४ या वजननिर्देशांकाखालचे पुरुष आणि ३८ खालच्या स्त्रिया त्यांनी घेतल्याच नव्हत्या, तेव्हा त्याखाली काय घडते याचे उत्तर स्वीडन देत नाही. (किलोंतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक येतो, मुनीमजी एका मिनिटात काढून देतील.)

त्याचे उत्तर शोधावयास पुण्यास जावे लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा वजननिर्देशांक अगदी एक, २२.३. पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के! दोन पोती काट्यावर सारखी भरली, पण एकात दाणा आणि दुसऱ्यात निम्मा कोंडा. भारतीय माणूस दिसावयास बारीक असतो, पण त्याच्या पोटात चरबी दडलेली असते, आणि मधुमेह व हृदयविकार त्यास युरोपियनाहून लवकर गाठतात. म्हणूनच २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी निराळ्या रेषा आखल्या. २३ पासून वजन अधिक, २५ पासून स्थूलता. कंबर पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरच्या आत. शस्त्रक्रियेचा विचार मधुमेहादी विकार असल्यास ३२.५ पासून आणि नसल्यास ३७.५ पासून. २०२२ मध्ये या शाखेच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी तर आशियाई लोकांसाठी ही रेषा २७.५ पर्यंत खाली आणली.

विम्याची रेषा मात्र निराळी आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये जे प्रमाणित कलम घालून दिले, त्यानुसार निर्देशांक ४० वा अधिक असेल, अथवा ३५ वा अधिक असून सोबत हृदयरोहिणीचा विकार, झोपेत श्वास अडखळण्याची तीव्र व्याधी, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखे काही असेल, तरच या शस्त्रक्रियेचा खर्च देणे विमा कंपनीस भाग पडते. कलम केले हे चांगलेच झाले. कलम हाती असल्यामुळेच आज त्यावर वाद तरी घालता येतो. पण ३५ आणि ४० हे आकडे पाश्चात्त्यांच्या जुन्या नियमांतून उचललेले आहेत. आपल्या तज्ज्ञांची रेषा ३२.५, विम्याची ३५. मधल्या अडीच अंकांत किती संसार अडकले असतील याची कोणी मोजदाद केली आहे काय?

आमच्या परिचयाचा एक आडत्या, वय अवघे त्रेचाळीस, उंची एकशे सत्तर सेंटीमीटर, वजन सत्त्याण्णव किलो. मधुमेह तीन-तीन औषधांना दाद देत नाही, रक्तदाब आहे, वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली, विमा कंपनीने नाकारली. निर्देशांक भरतो साडेतेहतीस, हवा पस्तीस. घरात बसून हिशेब झाला तेव्हा सव्वाचार किलो कमी पडतात असे निघाले. आणि त्याच्या वृद्ध मातोश्रींनी निरागसपणे विचारले, ‘मग दिवाळीपर्यंत दोन घास जास्त खाऊ दे का त्याला?’ मंडळी हसली. आम्हांस हसू आले नाही. रोगी माणसास आणखी रोगी होऊन या, मग दार उघडतो, असे सांगणारा नियम कितीही नेटका लिहिलेला असला तरी तो उफराटाच होय.

शस्त्रक्रियेची भलावण करताना तिचा पुढील खर्च सांगितला पाहिजे, आणि येथे आमचा धंदा उपयोगी पडतो. अमेरिकेत आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये आरंभिलेल्या पद्धतीत जठराचा लहानसा कप्पा करून तो आतड्याच्या पुढील भागास जोडतात. दुसऱ्या, आज अधिक प्रचारात असलेल्या पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात. घातक कोलेस्टेरॉल पहिल्या पद्धतीने अधिक उतरते. शल्यविशारदास हे आवर्जून विचारावे. दोहोंनंतर भूक उणावते, ती केवळ जागा कमी झाली म्हणून नव्हे. आतड्यांतून स्रवणारी तृप्तीची संप्रेरके बदलतात. परंतु ताटात येणारे अन्नही चार-सहा घासांवर येते, आणि त्या घासांतून दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत. शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे चोवीस ग्रॅम प्रथिने असतात. अडीचशे ग्रॅम डाळ शिजवून पाहा म्हणजे कळेल की त्या इवल्या जठरात ती मावणे अशक्य. शाकाहारी माणसास म्हणून दूध, दही, पनीर यांची आणि बहुधा प्रथिनांच्या चूर्णाचीही जोड घ्यावी लागते. ब-१२ जीवनसत्त्व शाकाहारी लोकांत मुळातच उणे असते. शस्त्रक्रियेनंतर ते शोषले जाणेही कमी होते. ते, लोह, चुना आणि इतर जीवनसत्त्वे जन्मभर घ्यावयाची असतात. दोन वर्षे घेऊन ‘आता बरे वाटते’ म्हणून सोडणाऱ्याच्या पायांस मुंग्या येऊ लागतात, आणि मज्जातंतूंची हानी पुष्कळदा भरून निघत नाही.

पाण्याचेही तेच. एका वेळी पेलाभर पाणी पिता येत नाही, दिवसभर घोट घोट घ्यावे लागते. सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नियम पाळणाऱ्यांनी आणि पर्वातील निर्जळ उपवास करणाऱ्यांनी हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांपुढे आणि आपल्या गुरुजनांपुढे मांडावा. शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर पहिल्या वर्षी अट्टाहासाने अष्टोपवास धरणे म्हणजे इस्पितळाची वाट धरणे होय.

वजन थोडेफार परत येते, हेही स्वीडनमध्ये दिसले. जठरास वळसा देणाऱ्या पद्धतीने दहा वर्षांनंतर मूळ वजनाच्या सरासरी पंचवीस टक्के घट टिकून राहिली, जठरास नुसता पट्टा बांधण्याच्या पद्धतीने अवघी चौदा. शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांत तेथे २,०१० पैकी पाच माणसे दगावली. जुना चुन्यासारखा घट्ट झालेला थर शस्त्रक्रियेने विरघळत नाही. तंबाखू चालूच ठेवली तर अस्तरही सावरत नाही. आमच्या पेठेत तंबाखूची चंची बाळगून ‘मी सिगारेट ओढीत नाही’ असे सांगणारे पुष्कळ आहेत.

हल्ली कोणी विचारतात की आठवड्याच्या सुईने काम भागत असेल तर सुरी कशास हवी? प्रश्न चांगला आहे. सेमाग्लुटाइड या औषधाची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती चिठ्ठ्या टाकून, सतरा हजारांहून अधिक लोकांवर झाली. हे सर्व हृदयविकार वा तत्सम विकार असलेले, परंतु मधुमेह नसलेले होते. झटके, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू मिळून वीस टक्क्यांनी घटले. पुराव्याच्या काट्यावर हे औषध शस्त्रक्रियेहून सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. २०२५ मध्ये स्थूलतेसाठी अशी औषधे भारतात विक्रीस आली. पण ती बंद केली की वजन फिरून चढते, आणि वर्षानुवर्षे दरमहा पैसे मोजणे कितीजणांस झेपेल ते प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावे. वजन फार असलेल्या मधुमेही माणसास शस्त्रक्रियेची जागा अद्याप रिकामी झालेली नाही. मध्यम वजनाच्या माणसाने प्रथम औषधाचा विचार करावा असे आम्हांस वाटते.

आता आमच्या संघापुरती एक सूचना. गटविम्याच्या अटी बोलून ठरतात. भाव ठरविण्याची विद्या आपणांस कोणी शिकवावयास नको. पुढील नूतनीकरणाच्या वेळी कार्यकारी मंडळाने विमा कंपनीपुढे एकच मागणी ठेवावी: मधुमेह वा हृदयरोहिणीचा विकार असलेल्या सभासदास ३५ ऐवजी ३२.५ ची रेषा लावावी. हप्ता थोडा वाढेल. किती वाढेल त्याचे लेखी पत्रक मागवून ते वार्षिक सभेपुढे ठेवावे, आणि सभासदांनी हात वर करून निर्णय द्यावा. याच सभेच्या दिवशी दाराशी रक्तदाबाचे यंत्र, साखर तपासण्याची सोय आणि कंबर मोजण्याची फीत ठेवल्यास खर्च फारसा येणार नाही. फीत शिंप्याची असली तरी चालेल. ती बेंबीच्या रेषेत, श्वास सोडल्यावर, अंगरखा वर करून लावावयाची असते.